मकबरा कुठे गेला?

दिवाळीच्या सुट्टीत अम्मीला घेऊन औरंगाबादला गेलो. बीबी का मकबरा, म्हणजे औरंगजेबाची बेगम दिलरास बानू यांची कबर, तिला पुन्हा पाहायचा होता. लग्नानंतर अब्बांनी बॉक्स कॅमेऱ्यात तिचा फोटो इथेच काढला होता. हौदाच्या काठावर अम्मी आणि मागे मकबरा, दोन्ही स्पष्ट. अब्बा आता नाहीत. तसाच एक फोटो हवा, एवढीच तिची इच्छा होती.

दरवाजातून आत शिरलं की मधोमध लांब हौद, दोन्ही बाजूंना चारबाग आणि समोर मकबरा. घुमट संगमरवरी, भिंतींवर खाली संगमरवर आणि वर पांढरा गिलावा. मुलाने कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरची लेन्स लावली, अ‍ॅपर्चर एफ/१.८ ठेवलं आणि तीन मीटरवरून फोटो काढला. अम्मीच्या सुरकुत्या मोजता येतील इतका साफ. मागे मात्र नुसता पांढरा ढग!

"बेटा, मकबरा कुठे गेला?" अम्मीने विचारलं.

मुलीने मोबाईलवर फोटो काढला. त्यात दोन्ही आले. मुलाचा चेहरा उतरला.

मी त्याला समजावलं, कॅमेरा वाईट नाही. फोकसच्या पुढे-मागे जेवढा पट्टा स्पष्ट दिसतो, ती डेप्थ ऑफ फील्ड. तुझ्या लेन्सने तो पट्टा वीतभरच उरला. मोबाईलचा सेन्सर नखाएवढा, म्हणून त्याची लेन्सही अवघ्या काही मिलिमीटरची. लेन्स जितकी आखूड, तितका पट्टा लांब. सेन्सर मोठा झाला की तेवढंच दृश्य बसवायला लांब लेन्स लागते आणि पट्टा आखडतो. मग अब्बांच्या कॅमेऱ्यात फिल्म मोठी असून मकबरा कसा आला? त्याचं छिद्र बारीक होतं आणि माणूस लांब उभा करावा लागे. छिद्र लहान, अंतर जास्त, की पट्टा वाढतो.

मुलाने लेन्स बदलली. १८ मिलिमीटर, एफ/८. आता साधारण सव्वा मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येणार होतं. एक अडचण उरली. आखूड लेन्समध्ये मागची इमारत लहान दिसते. म्हणून अम्मीचा हात धरून आम्ही तिला मकबऱ्याच्या बाजूला, हौदाच्या पुढच्या टोकाशी नेलं. फोटोत अम्मी आली, घुमट आला, मिनारही आले.

घरी आल्यावर अम्मीने तो फोटो अब्बांनी काढलेल्या फोटोशेजारी लावला. ढगवाला फोटोही तिने टाकला नाही. म्हणाली, "यात मी आहे, त्यात आम्ही दोघं आहोत."

अब्बा तर दोन्हींत नाहीत. पण ती कुठे उभी आहे, हे त्या फोटोत दिसतं. मला वाटतं, तिला तेच म्हणायचं होतं.