बंधन मान्य, पण लागू कुणावर?

नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१२ मध्ये एक लहानसा बदल आहे. चालू प्रोग्रामच्या मेमरीत बाहेरून हात घालण्यावर तो बंधन आणतो. आम्ही काही जण असे बदल एकत्र बसून ओळीओळीने वाचतो. या बदलावर आमच्यात जोरदार वाद झाला.

लिनक्समध्ये प्रत्येक प्रक्रियेसाठी 'प्रॉक'खाली 'मेम' नावाची फाइल असते. तिच्यात लिहिले की ते थेट त्या प्रक्रियेच्या मेमरीत जाते. फाइल उघडायला परवानगी लागते, हे खरे. पण एकदा ती मिळाली की मेमरीच्या पानावर 'फक्त वाचा' असा शिक्का असला तरी कर्नेल तो बाजूला सारते. म्हणजे प्रोग्रामचा कोडसुद्धा बदलता येतो.

ही भीती काल्पनिक आहे का? मुळीच नाही. २०११ मध्ये २.६.३९ या आवृत्तीत इथे लिहिण्याची मुभा खुली झाली. जानेवारी २०१२ मध्ये उघड झाले की साधा वापरकर्ता 'एसयू' या रूटच्या अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रामला त्याच्याच त्रुटी-संदेशातून स्वतःच्या मेमरीत लिहायला लावू शकतो आणि रूट होऊ शकतो. तपासणी होती, पण ती लिहिताना होत होती, आणि लिहिणारा तर एसयू स्वतःच! २०१६ च्या 'डर्टी काऊ' हल्ल्यातही हीच फाइल वापरली गेली.

मग वाटच बंद करा, असे आमच्यातल्या एकाचे म्हणणे. पण जीडीबीसारखा डीबगर ब्रेकपॉइंट लावतो तो कोडात लिहूनच. त्याची सोय काढून घेतली तर ज्याला आपला प्रोग्राम दुरुस्त करायचा आहे तोच अडेल. म्हणून या बदलात तीन पर्याय आहेत: शिक्का नेहमी ओलांडता येईल, फक्त ट्रेस करणाऱ्याला ओलांडता येईल, किंवा कुणालाच नाही. मधल्या पर्यायाची तपासणी आम्हाला चोख वाटली. प्रक्रियेला ट्रेस करणारा तो हाच का, आणि फाइल उघडताना हाती आलेली मेमरी आजही त्याच प्रक्रियेची आहे का, हे ती पाहते. २०१२ आठवल्याशिवाय राहत नाही.

आमचा आक्षेप वेगळाच आहे. काहीच निवडले नाही तर 'नेहमी' हाच पर्याय लागू होतो. जुने प्रोग्राम मोडू नयेत हे कर्नेलचे धोरण आम्हाला ठाऊक आहे आणि पटतेही. पण मग संरक्षण कुणाला मिळते? ज्याच्याकडे बूटचे पॅरामीटर वाचणारा जाणकार प्रशासक आहे त्याला. एकाच यंत्रावर शंभर विद्यार्थ्यांची खाती असलेल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे कोण करणार? गरज तर तिथेच जास्त.

लिनक्सची तयार वितरणे बनवणाऱ्यांनी तरी मधला पर्याय स्वतःहून लावावा, अशी आमची मागणी आहे. आमच्या यंत्रांवर आम्ही तो लावला आहे. जीडीबी पूर्वीसारखाच चालतो.