नंबर आणि माउली

वाचक माउली, पालख्या पुण्यात मुक्कामी असल्या की नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात वारकऱ्यांची पंगत बसते. एका वर्षी गर्दी आवरेना, म्हणून मी चिठ्ठ्या वाटल्या आणि हाक दिली, "सव्वीस नंबर, या!" एक आजी जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "बाबा, नंबर दिंडीला असतो. मला माउली म्हण."

मी ओशाळलो. येवगेनी झाम्यातिन या रशियन लेखकाची 'वुई' ही कादंबरी आठवली. १९२४ साली ती इंग्रजीत आली. तिच्यातल्या राज्यात माणसांना नावे नाहीत, नंबर आहेत. घरे काचेची, जेवणखाण घड्याळाच्या हुकमाने. नायक डी-५०३ याला वैद्य सांगतो, तुझ्यात आत्मा उत्पन्न झाला आहे. आणि तिथे तो आजार ठरतो!

'मी' सोडा असे आपणही म्हणतो. मग भेद कोणता? तिथे राज्य 'मी' हिसकावून घेते. इथे आपण तो आपणहून विठ्ठलापायी ठेवतो. म्हणून सावतोबांचा मळा सुटला नाही, गोरोबांचे चाक थांबले नाही आणि संतांची नाममुद्रा अभंगात राहिली.

आता मी ताटे मोजतो, पण हाक 'माउली' अशीच देतो. अन्नदानाला उभे राहाल तेव्हा तुम्हीही एवढे सांभाळा. रामकृष्ण हरी!