डिस्क वाढली, पण जागा दिसेना

चि. सोनू,


तुझा रात्रीचा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. व्हीएमवेअरमध्ये डिस्क ४० जीबीची ६० केलीस, मशीन रीबूटही केलंस, तरी डीएफ जुनाच आकडा दाखवतंय आणि लीड डोक्यावर बसलाय. फोनवर पटकन सांगता आलं असतं, पण हे काम आता नोकरीभर तुझ्या मागे लागणार, म्हणून लिहूनच काढते.

तुझं काही चुकलेलं नाही, काम अर्धं झालंय एवढंच. तू वाढवलीस ती बाहेरची, म्हणजे व्हर्च्युअल डिस्क. शेजारचा तुकडा विकत घेतला म्हणून सातबारा आपोआप बदलत नाही, फेरफार करून घ्यावा लागतो. इथे तो एकदा नाही, चारदा: पार्टिशन टेबल, एलव्हीएमचा फिजिकल व्हॉल्यूम, लॉजिकल व्हॉल्यूम आणि सगळ्यात आत फाइलसिस्टम. डीएफला फक्त ही शेवटची कळते.

म्हणून आधी एलएसबीएलके चालव. वर एसडीए ६० जीबी दिसेल, खाली एसडीए३ जुन्याच मापाचं, त्याच्या पोटात लॉजिकल व्हॉल्यूम त्याहून लहान. गाडी कुठे अडलीय ते तिथेच कळतं. मशीन उबुंटू सर्व्हरचं असेल तर व्हीजीएस पण बघ. त्याचा इन्स्टॉलर एलव्हीएम घेतलं की २० ते २०० जीबीच्या व्हॉल्यूम ग्रुपमधली निम्मीच जागा रूटला देतो आणि उरलेली तशीच ठेवतो. कित्येक जण डिस्क वाढवायला धावतात, आणि जागा पहिल्या दिवसापासून तिथे पडून असते.

आता आत उतरायचं. पार्टिशन वाढवतं ग्रोपार्ट. त्याला डिस्कचं नाव आणि पार्टिशनचा नंबर वेगवेगळे द्यायचे, मध्ये स्पेस सोडून. पुढच्या पीव्हीरिसाइझला मात्र एसडीए३ सलग लागतं. याचं कारण मला विचारू नकोस, लिहिणारे वेगळे, सवयी वेगळ्या. मग एलव्हीएक्सटेंड, आणि त्याला ‘आर’चा पर्याय जोडलास की फाइलसिस्टमही सोबतच वाढते. तो विसरलास तर ईएक्सटी४ साठी रिसाइझ२एफएस आणि एक्सएफएससाठी एक्सएफएस_ग्रोएफएस. यातलं काहीही करायला मशीन बंद करावं लागत नाही.

डिस्क पूर्ण भरलेली असेल तर ग्रोपार्टच ‘जागा नाही’ म्हणून थांबतं, कारण त्याला टेम्पमध्ये स्वतःचा एक फोल्डर बनवायचा असतो. जागा वाढवायलाच जागा नाही! टेम्पवर तेवढ्यापुरता टीएमपीएफएस माउंट कर, म्हणजे काम पुढे सरकेल.

जुन्या मशीनवर ग्रोपार्ट नसतं. तिथे एफडिस्कमध्ये पार्टिशन डिलीट करून परत बनवायचं. पहिल्यांदा करताना घाम फुटतो, पण डेटा जागेवरच असतो, पुसली जाते ती फक्त नोंद. सुरुवातीचा सेक्टर आधी लिहून ठेव आणि तंतोतंत तोच दे. मग त्याने ‘सिग्नेचर काढू का?’ विचारलं तर ‘नाही’. जीपीटी डिस्कवर आणखी एक गोष्ट: पार्टिशन टेबलची दुसरी प्रत डिस्कच्या टोकाला असते. डिस्क वाढली की टोक पुढे जातं आणि ती प्रत मध्येच राहते. पार्टेड ‘फिक्स की इग्नोर’ विचारतं ते त्यासाठी. फिक्स म्हण.

विंडोजवर सी ड्राइव्हचं ‘एक्सटेंड व्हॉल्यूम’ करडं दिसतं, कारण सी आणि नवी मोकळी जागा यांच्यामध्ये रिकव्हरी पार्टिशन ठाण मांडून बसलेलं असतं. नेटवरचे लोक सरळ उडवायला सांगतात. ऐकू नकोस. आधी रीएजंटसीने रिकव्हरी बंद कर, मग पार्टिशन काढ, सी वाढव, शेवटी रिकव्हरीसाठी जागा सोडून ते परत बनव. आणि हात आखडता घेऊ नकोस: जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चा केबी५०३४४४१ हा अपडेट याच पार्टिशनमध्ये जागा नाही म्हणून असंख्य मशीनवर अडकला आणि मायक्रोसॉफ्टने लोकांना ते हाताने २५० एमबीने वाढवायला सांगितलं.

स्नॅपशॉटचं बघ. व्हीएमवेअरमध्ये स्नॅपशॉट असताना डिस्क वाढवता येत नाही, म्हणून आपण तो काढून टाकतो, म्हणजे नेमक्या धोक्याच्या वेळी मागे फिरायची वाट बंद. त्यामुळे खरा बॅकअप हवा, दुसऱ्या स्टोरेजवर.

माझं ठाम मत विचारशील तर नवं मशीन उभारताना डेटाला वेगळी डिस्क दे आणि तिच्यावर पार्टिशनच करू नकोस, अख्खी डिस्क एलव्हीएमला देऊन टाक. मग पार्टिशन टेबलच्या वाटेला जावंच लागत नाही. आणि वाढवायच्या आधी कशाने भरली ते शोध. डीएफ आणि डीयूचे आकडे जुळत नसतील तर बहुधा कोणीतरी लॉग डिलीट केलाय आणि प्रोसेस अजून तो धरून बसलीय. एलएसओएफने ती शोधून रीस्टार्ट केलीस की जागा सुटते, तिकीट तिथेच बंद.

राहिलं कमी करणं. तिथे क्रम उलटा: आधी फाइलसिस्टम, मग व्हॉल्यूम, मग पार्टिशन, डिस्क सगळ्यात शेवटी. क्रम चुकला तर शेपटीकडचा डेटा कापला जातो. ईएक्सटी४ अनमाउंट केल्याशिवाय आकसत नाही, एक्सएफएस तर व्यवहारात आकसतच नाही. अ‍ॅमेझॉनच्या ईबीएसवरही व्हॉल्यूम फक्त वाढतो. मी या भानगडीत पडत नाही. छोटी नवी डिस्क जोडायची, आरसिंकने डेटा न्यायचा, माउंट बदलायचा.

तुझ्या लीडने कधी ‘खर्च वाचवायचाय, डिस्क कमी कर’ म्हटलं तर मेलवर लेखी माग, आणि बॅकअप रिस्टोअर होतो हे स्वतः पाहिल्याशिवाय कीबोर्डला हात लावू नकोस.

तुझी,
आत्या