भाचेबुवा, इंजिन सगळ्यात शेवटी

शिर्डी

प्रिय भाचेबुवा,



तुझे घर पूर्ण होत आले, मागे दोन गुंठे मोकळी जागा उरली आणि त्यात बागेतली रेल्वे करायची असे तू ठरवलेस, हे वाचून बरे वाटले. मात्र व्हॉट्सॲपवर इंजिनांचे फोटो पाठवून ‘मामा, यातले कोणते घेऊ?’ असे विचारलेस, तिथे थांबलो. उत्तर फोनवरही देता आले असते. पण हाच प्रश्न इतरही काहीजण विचारतात, म्हणून हे पत्र उघडच लिहितो. नोकरीची वर्षे मी दौंड-मनमाड मार्गावर रुळांच्या खात्यात काढली आणि आता पेरूच्या झाडांखाली हातभर रुंदीची लाइन सांभाळतो. दोन्हीकडचा अनुभव एकच सांगतो: गाडी चालते ती रुळाच्या जिवावर. इंजिन सगळ्यात शेवटी घे.

तुला हवी आहे वंदे भारत. हौस समजते. दौंड-मनमाड मार्ग १८७८ सालचा, पुणतांब्यावरून गेलेला; पण तिथून शिर्डीपर्यंतचा जेमतेम सोळा-सतरा किलोमीटरचा फाटा सुरू व्हायला २००९ साल उजाडले. तोवर साईबाबांच्या दर्शनाला येणारे कोपरगावला, मनमाडला नाहीतर नगरसूलला उतरायचे आणि पुढे एसटी किंवा जीप पकडायचे. १० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईची वंदे भारत साईनगर शिर्डीसाठी सुरू झाली, तेव्हा गावाला अप्रूप वाटणारच. तरीही वही काढ आणि हिशेब मांड.

बागेतल्या रेल्वेचा बाजारात सर्रास मिळणारा रूळ ४५ मिलीमीटर गेजचा. न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने १९६८ साली ‘एलजीबी’ नावाने उन्हापावसात टिकणाऱ्या गाड्या याच गेजवर काढल्या, तेव्हापासून तो जगभर रुळला. या रुळावर मोठ्या गाडीची प्रतिकृती साधारण १:३२ प्रमाणात करतात. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलीमीटरची. ३२ ने भागलीस तर ५२ येते, म्हणजे गेज इथेच चुकले. वंदे भारतचा एक डबा सुमारे २४ मीटरचा, म्हणजे मॉडेल पाऊण मीटरचे. सोळा डबे जोडलेस की १२ मीटर. ब्रॉडगेजला जास्तीत जास्त कडक वळण १० अंशांचे चालते, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचे. १:३२ ने ती त्रिज्या साडेपाच मीटर होते आणि पुरा फेरा ११ मीटर रुंद. तुझी जागा १० मीटर रुंद. गाडी कुंपण ओलांडून शेजाऱ्याच्या बागेत जाईल. वळण कडक करून बसवता येईल; पण मग लांबलचक डबे वळणावर अर्धे बाहेर लोंबतात आणि वंदे भारतचा रुबाब तिथेच संपतो.

म्हणून माझे ऐक, माथेरान कर. नेरळहून १९०७ साली वर चढलेली, आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून उभी राहिलेली ही दोन फुटी गाडी घरच्या बागेसाठीच जन्माला आली असावी. दोन फूट म्हणजे ६१० मिलीमीटर. त्याला १९ ने भागले की ३२ मिलीमीटर, आणि हेही जगभर चालणारे गेज आहे. नॅरोगेजला ४० अंशांपर्यंतचे वळण मान्य आहे, म्हणजे ४४ मीटर त्रिज्या. १९ ने भागून सव्वादोन-अडीच मीटर. तुझ्या दोन गुंठ्यांत ते वळण ऐटीत बसते आणि मध्ये आंब्याचे एक झाडही मावते. माथेरानच्या जुन्या वाफेच्या इंजिनांची गंमत आठवतेय ना? जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलने ती बांधली. त्यांच्या टोकाच्या चाकांचा कणा वळणावर थोडा आडवा सरकायचा, म्हणून सहा चाकांचे इंजिन इतक्या अरुंद घाटातून निघायचे. इंजिनाने वळणाशी जमवून घेतले, वळणाने इंजिनाशी नव्हे. माथेरानचा चढ २० फुटांना एक फूट आहे. तू मात्र ५० ला एकच्या वर जाऊ नकोस. छोट्या इंजिनाला वजन नसते, चाके जागच्या जागी फिरतात.

ही हौस तुला लागली कोथरूडला, हे मला माहीत आहे. भाऊसाहेब जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ ला लोकांसाठी उघडले. तुला तिथे नेले तेव्हा तू काचेला नाक लावून उभा होतास आणि निघायला तयार नव्हतास. तिथे सारे ८७ पट लहान, सारे छपराखाली. सिग्नल, सर्कस, शहराचे दिवे सगळे बटणावर. काम अव्वल आहे. पण तिथली जमीन टेबलाची आहे आणि तुझी काळ्या मातीची. सगळा फरक इथे पडतो.

आपल्याकडची माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर थेट रूळ टाकलास तर पहिल्या चैत्रातच लाइन लाटांसारखी होईल. मोठ्या रेल्वेलाही हाच त्रास आहे, आणि उपायही तोच. जिथून लाइन जाणार तिथे फूटभर खोल चर खण, काळी माती उपसून बाहेर टाक, मुरूम थराथराने भर, प्रत्येक थरावर पाणी मार आणि धुमसाने ठोक. वर बाजूच्या जमिनीपेक्षा विटेएवढी उंची ठेव. आपल्याकडे पाऊस कमी, पण परतीचा एखादा असा कोसळतो की तासाभरात अंगणाचे तळे होते. तेव्हा पाणी जिथून वाहते तिथे पाइप टाकून मोरी काढ. पातळी बघायला महागडे यंत्र नको. गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी पुरते.

मुरमावर खडी. इथेही हिशेब सुटत नाही: खऱ्या रुळाखालची खडी साधारण ५० मिलीमीटरची, १९ ने भागली की अडीच-तीन मिलीमीटर. म्हणजे क्रशरवर मिळणारी कच. ती चाळून आणि धुऊन घे, पूड राहू देऊ नकोस. नदीची वाळू वापरायचा मोह टाळ. गोल कण एकमेकांत अडकत नाहीत, धारदार कोनांची फुटकी खडीच स्लीपर धरून ठेवते. लाकडी स्लीपर घालायचे तर सागाचे, तेही तेल पाजून. नाहीतर वाळवी जेवण करून जाईल.

आता ऊन. पितळी रूळ तापला की लांबतो. जानेवारीच्या पहाटे तो १० अंशांवर असेल तर मे महिन्याच्या दुपारी ६० वर जाईल, आणि या ५० अंशांत १० मीटर पितळ साडेनऊ मिलीमीटरने वाढते. त्याला जागा दिली नाहीस तर रूळ कुठेतरी बाहेर फुगतोच. आमच्या खात्यात उन्हाळ्यात दुपारची खास गस्त असायची ती याच धास्तीने. तू प्रत्येक सांध्यात थोडी फट ठेव: थंडीत टाकलेल्या रुळाला जास्त, उन्हाळ्यात टाकलेल्याला कमी. आणि रूळ सिमेंटमध्ये कधीही गाडू नकोस. तो खडीवर मोकळा असला की उन्हाळ्यात हवे तसे अंग हलवतो, थंडीत परत येतो.

वीज रुळातून द्यायचा विचार मनातून काढून टाक. बोअरचे पाणी क्षाराचे. ठिबकचे थेंब पितळावर पडले की पांढरा थर बसतो आणि इंजिन दर हातावर अडखळते. रोज रूळ घासत बसायचे नसेल तर गाडीतच बॅटरी आणि हातात रिमोट, हे उत्तम.

वाफेचे इंजिन घेणार असशील तर ती मजा वेगळीच. रविवारी सकाळी ये, दाखवतो. आधी वंगणाच्या डबीत वाफेचे तेल, मग बाटलीतले डिस्टिल्ड पाणी बॉयलरमध्ये. नळाचे पाणी घातलेस तर आत क्षार धरलाच म्हणून समज. गॅस भरून जाळ लावला की चिमणीत बारीक घरघर सुरू होते. काही मिनिटांनी प्रेशर गेजचा काटा हलतो, सेफ्टी व्हॉल्व्हपाशी पाण्याचा एक थेंब उडतो आणि मग वाफ फुसकारते. वाफ सोडली की पहिल्या दोन हातांवर इंजिन गरम पाणी थुंकते. मुलांना तेव्हा एक हात लांब उभे कर. पितळ चमकते म्हणून हात लावावासा वाटतो आणि चांगलाच पोळतो.

पण गाडी सोडण्याआधी रोज लाइन चालून ये. आमचा रूळ तपासणारा कीमॅन पाना-हातोडा घेऊन आपल्या बीटवर पायी निघायचा. तुझ्या हाती ब्रश आणि ३२ मिलीमीटरची कापलेली पट्टी पुरे. कडुनिंबाखाली निंबोळ्या पडलेल्या असतात, खारीने अर्धा कुरतडलेला पेरू वळणावर टाकलेला असतो, खडीत मुंग्यांनी घर केलेले असते. पट्टी रुळांत फिरव. कुठे घट्ट, कुठे सैल लागते ते कळते. गाडी घसरली की लोक इंजिनाला शिव्या देतात. बहुधा दोष वळणावरच्या एका सैल सांध्यात असतो.

झाडे लावताना पाने लहान बघ. १:१९ च्या जगात माणूस नऊ सेंटिमीटरचा. त्याच्या शेजारी जास्वंदीचे पान छत्रीएवढे दिसते. मरवा लाव, छाट आणि जोपास: फूटभर मरवा म्हणजे १९ फुटी झाड. ब्राह्मी जमिनीलगत हिरवळ धरते. बाग सांभाळायची तयारी नसेल तर बागेत रेल्वे घालू नये. शिर्डीत हे वेगळे सांगायला नको. बाबा स्वतः कच्च्या घड्यांनी रोपांना पाणी घालत, हे साईसच्चरितातच आहे.

सूनबाईंना विश्वासात घेतलेस का? इंग्लंडात बेकन्सफील्डला बेकनस्कॉट नावाचे छोटे गाव आहे, १९२९ साली बागेत उभारलेले, आतून रेल्वे फिरणारे. मालकाच्या बायकोने ‘घरात एक तर तुझी रेल्वे राहील, नाहीतर मी’ असे बजावले म्हणून ती बागेत गेली, अशी कथा सांगतात. तुझी रेल्वे आधीच बागेत आहे, म्हणजे अर्धी लढाई तू जिंकलास. उरलेली अर्धी जिंकायची तर एक स्टेशन त्यांच्या तुळशीवृंदावनाशेजारी कर आणि नाव त्यांनाच ठेवू दे.

आणि एक. मामाच्या गावाला जाणारी आगगाडी मराठी पोरांना पाळण्यापासून ओळखीची असते. पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ पासून फुलराणी फिरली, तिच्यात बसून मोठी झालेली माणसे आज नातवंडांना तिची गोष्ट सांगतात. तेव्हा तुझे फाटक बंद ठेवू नकोस. रविवारी गल्लीतल्या पोरांना आत घे, एकाला सिग्नल, एकाला सांधेबदल, एकाला हिरवी-लाल झेंडी दे. काम वाटून दिले की ती रुळावर पाय देत नाहीत, दुसऱ्यालाही देऊ देत नाहीत.

तर वेळापत्रक असे. ठेकेदाराचा जेसीबी जागेवर आहे तोवर, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास चर खणून मुरूम भरून घे. त्यावर एक पावसाळा जाऊ दे. भराव बसायचा तेवढा बसू दे. दिवाळीनंतर खडी आणि रूळ. संक्रांतीपर्यंत नुसता एक डबा हाताने ढकलून पुरी लाइन फिरव. तो कुठेही न घसरता दहा फेरे फिरला, की मगच मला इंजिनाचे फोटो पाठव.

तुझा
मामा