मक्ता आणि अर्धेल

वाढीदिढी हा शब्द आता बहुधा कोशातच सापडावयाचा. परंतु आमच्या वरसे गावच्या वृद्धांच्या तोंडी तो अजून ऐकू येतो. आषाढात मणभर भात न्यावे आणि सुगीनंतर दीड मण परत घालावे, असा तो व्यवहार. व्याज निषिद्ध मानणाऱ्या इस्लामी पेढ्यांविषयी मी वाचू लागलो, तेव्हा अर्थशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा मला या भातानेच अधिक उमज दिली.

खारीची जमीन पूर्वी दोन रीतींनी कसावयास मिळे. मक्त्याने घेतली, तर बांध फुटून उधाणाचे पाणी शेतात शिरले तरी ठरलेले भात मालकाच्या कणगीत पडावयाचेच. अर्धेलीने घेतली, तर पिकेल त्याचे अर्धे. न पिकल्यास मालकाचाही हात रिकामा. व्याज म्हणजे पैशाचा मक्ता. इस्लामी अर्थविचाराला अभिप्रेत आहे ती अर्धेल: भांडवल घालणाराने नफ्याबरोबर बुडीतही सोसावी.

१९८३ साली ढाक्यास इस्लामी बँक बांगलादेश निघाली आणि पुढे त्या गरीब देशातील खाजगी पेढ्यांत सर्वांत मोठी झाली. पण या भरभराटीत अर्धेलीचा वाटा अगदी थोडा! जगभरच्या अशा पेढ्यांचा भर मुराबहावर असतो. गिऱ्हाइकाला हवा तो माल पेढीने विकत घ्यावयाचा आणि ठरीव नफा चढवून हप्त्यांनी त्यालाच विकावयाचा. नफा आधी ठरला, हप्ताही ठरला. मग हा मक्ता नव्हे तर काय? तरीही मला त्या पेढ्यांना ढोंगी म्हणवत नाही. अर्धेलीच्या मालकाला झोडणीच्या वेळी खळ्यावर जातीने उभे राहावे लागे, नाहीतर रातोरात रास घटे. हजारो कर्जदारांच्या चोपड्या तपासावयास पेढीने किती खळी राखावी? शिवाय राखणदारच बदलला, म्हणजे काय होते? या बँकेची मालकी २०१७ साली बदलली, अवाढव्य कर्जे एकाच उद्योगसमूहाकडे वळविल्याचे आरोप झाले, आणि २०२४ साली तेथील मध्यवर्ती बँकेने संचालक मंडळ बरखास्त केले. बिनव्याजी तत्त्व तेथे ठेवीदारांच्या कामी आले नाही.

आपल्याकडे बँकांना मालाची खरेदीविक्री करण्यास १९४९ च्या कायद्याची मनाई आहे. २००८ साली रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकव्यवहाराची शिफारस केली होती. २०१७ साली रिझर्व्ह बँकेने तो विचार सोडून दिला.

दुबईत नोकरी करून परतलेले रोह्याचे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. तिकडे त्यांचे खाते इस्लामी बँकेत होते. इकडे बाजारपेठेतल्या साध्या बँकेत आहे. व्याज जमा झाले, की तेवढी रक्कम ते वेगळी काढतात आणि गरजूंना देऊन टाकतात. जकातीत मात्र ती धरीत नाहीत. तिचे पुण्यही आपल्याला नको, असे ते म्हणतात.