भुर्र

"पहिला शब्द 'नको' लिही," आत्या म्हणाली.

मला वाटलं होतं, 'आई'पासून सुरुवात होईल. निदान 'पाणी'पासून. 1986 सालचा जून होता. मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि घरात इंग्रजी त्यातल्या त्यात मलाच बरं येतं, असा सगळ्यांचा समज होता. आत्या पुण्यातल्या एका बालसदनात कामाला होती. तिथली अडीच वर्षांची एक मुलगी स्वीडनला निघाली होती. न्यायला येणारी मंडळी दोन दिवसांत पोचणार होती आणि त्यांच्या हाती द्यायला मुलीला येणाऱ्या शब्दांची यादी हवी होती. डावीकडे मराठी शब्द रोमन लिपीत, उजवीकडे इंग्रजीत अर्थ.

"तिला काय हवंय ते कळायला त्यांना वेळ लागेल. काय नकोय ते तरी लगेच कळू दे," असं म्हणून आत्या तांदूळ निवडता निवडता पुढचे शब्द सांगत गेली. पाणी. शू. शी. मंमं. बाऊ. गाई. आंघोळ. चिऊ, काऊ, हम्मा. मग 'मावशी' आला आणि मी अडले. डिक्शनरीतला अर्थ उपयोगाचा नव्हता, कारण तिथं दूध पाजणारी, केर काढणारी, रात्री थोपटणारी प्रत्येक बाई मावशीच. 'कुठलीही बाई' अशा अर्थाचं काहीतरी मी लिहून टाकलं. 'आई' राहिला, म्हणून आठवण केली, तर आत्या म्हणाली, "तो येत नाही तिला. तो त्यांचा त्यांना शिकवू दे."

शेवटचा शब्द भुर्र. 'बाहेर जाणे' असं लिहिलं खरं, पण समाधान झालं नाही. भुर्र जायचं म्हणजे पोराला कडेवर घेऊन कोपऱ्यापर्यंत जायचं, रस्त्यावरची गाय दाखवायची आणि परत यायचं. परत येणं त्यात धरलेलंच असतं. ते लिहायला कागदावर जागा उरली नव्हती.

मूल दत्तक घ्यायला परदेशी जाणाऱ्या कुटुंबांबद्दल पुढे बरंच वाचलं. त्यात प्रवास असतो तो आईबापांचा: त्यांचा व्हिसा, त्यांची वाट पाहणं, त्यांनी विमानात रडणं. मला राहून राहून वाटतं, की हिशेब उलटा मांडला जातो. ती माणसं पंधरा दिवस परमुलखात काढून घरी परतत असतात. परदेशी निघालेलं असतं ते मूल, आणि त्याला ते कुणी नीट सांगितलेलंही नसतं.

दत्तकाचा विषय निघाला, की आपल्याकडे लगेच देवकी-यशोदा काढतात. मला त्यापेक्षा कवळाण्याचा गोपाळ आठवतो. नाशिक जिल्ह्यातलं हे गाव. 1875च्या मे महिन्यात तिथला बारा वर्षांचा मुलगा बडोद्याला गेला आणि जमनाबाई महाराणींच्या मांडीवर बसून सयाजीराव गायकवाड झाला. 'कशाला आलास?' असं विचारल्यावर त्यानं 'राजा व्हायला' असं उत्तर दिल्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. कवळाण्याहून निघताना त्याला काय सांगितलं होतं, ते मात्र कुणी सांगत नाही. आपल्या भाषेत दत्तक 'मांडीवर घेतात', मूल 'ओटीत घालतात'. पण ती मांडी आणि ती ओटी पिढ्यान्‌पिढ्या भाऊबंदांतल्या मुलग्यासाठीच राखलेली होती. गादीला, वतनाला, निदान पिंडाला वारस हवा म्हणून. रक्ताच्या नात्याची नाही, जात ठाऊक नाही, त्यातून मुलगी, अशा लेकराला मांडी द्यायला कुणाला तरी स्वीडनहून यावं लागायचं. हे बोचतं, पण खरं आहे.

आणि तेव्हा त्यांना इथं दत्तक घेताही येत नसे. 1956चा दत्तक कायदा फक्त हिंदूंपुरता. त्यामुळे परदेशी जोडपी 1890च्या जुन्या कायद्याखाली जिल्हा न्यायालयाकडून मुलाचं पालकत्व घेत आणि रीतसर दत्तक विधान आपल्या देशात गेल्यावर करत. म्हणजे विमानात बसलेलं मूल कायद्यानं त्यांचं पाल्य असे, अपत्य नव्हे. या व्यवहारात गैरप्रकार चालतात, असं पत्र 1982मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलं. न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं आणि 1984मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी नियम घालून दिले. आधी मुलाला देशातच घर शोधा, परदेशी अर्ज मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच घ्या, अर्जदाराच्या घरची पाहणी झालेली असू द्या. आमच्या आत्याला या निकालाचं एकच फळ ठाऊक होतं. फायली जाड झाल्या.

मंडळी आली ती तिघं होती. आई, बाप आणि सात वर्षांचा मुलगा. बाप उंच, भरघोस सोनेरी दाढीचा. मुलीनं त्याला पाहिलं आणि असा टाहो फोडला, की स्वयंपाकघरातून दोघी मावश्या धावत आल्या. तिनं जवळून पुरुष पाहिले होते ते दोनच, वॉचमन आणि महिन्यातून एकदा सुई टोचायला येणारे डॉक्टर. दोघेही गुळगुळीत. दुसऱ्या दिवशी सकाळी हा गृहस्थ लक्ष्मी रोडवरच्या एका सलूनमधून दाढी उतरवून आला. गाल लाल, हनुवटी मात्र वर्षानुवर्षं झाकली गेल्यामुळे पांढरीफटक. मुलगी पुन्हा रडली, पण जरा हळू. पंचाईत त्याच्या स्वतःच्या मुलाची झाली. बापाचा हा चेहरा त्यानं जन्मात पाहिला नव्हता. तो दिवसभर आईच्या पलीकडे बसला.

यादीचा उपयोग खरा केला तो या मुलानं. आईबाप कागद धरून 'बाऊ' आणि 'पाणी'शी झटत होते, 'आंघोळ'मधला ळ त्यांना शेवटपर्यंत दाद देईना. पोरानं दोन दिवसांत सगळे शब्द तोंडपाठ केले. त्याचा र खणखणीत होता, त्यामुळे भुर्र तर आमच्याहून चांगलं. दोघं व्हरांड्यात समोरासमोर बसून एकमेकांना 'भुर्र' म्हणत आणि हसत. त्यांच्यात तेवढ्या एका शब्दावर सगळं बोलणं चाले.

निघायच्या दिवशी त्या बाईंनी आणलेला नवा निळा फ्रॉक मुलीनं घातलाच नाही. बालसदनाचा धुवून धुवून विटलेला फ्रॉक ती सोडेना. आणि तो तिचा नव्हता, तिथं कुठलाच फ्रॉक कुणा एकीचा नसे. आत्यानं तो तसाच जाऊ दिला आणि रजिस्टरला 'फाटला' अशी नोंद केली. नोकरीत खोटं लिहिलं ते तेवढंच, असं ती पुढे सांगायची. ते मात्र मला खरं वाटत नाही.

आमची मंडळी पुण्यातल्या लॉजवर डास मारत राहिली. चीनमध्ये पुढे या साऱ्याला हॉटेलचा थाट आला. 1992मध्ये तिथला दत्तक कायदा लागू झाला आणि दीड लाखाहून जास्त मुलं, बहुतांश मुली, देशाबाहेर गेली. अमेरिकेला जाणाऱ्या मुलींचा व्हिसा ग्वांगचौला व्हायचा, म्हणून शामियान बेटावरच्या व्हाइट स्वान हॉटेलात नव्या आईबापांची दाटी असे. लाल सोफ्यावर मुली ओळीनं बसवून फोटो काढायची तिथं रीत पडली होती. पाहुण्यांना एक बार्बीही भेट मिळे, गोरी बाहुली, कडेवर चिनी बाळ. 2024च्या सप्टेंबरमध्ये चीननं परदेशी दत्तक बंद केलं. ती बाहुली आता कुठल्या कुठल्या माळ्यांवर पडली असेल.

पुण्याहून गेलेल्यांत सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव लिसा स्थळेकर. जन्म 1979चा. ससूनजवळच्या 'श्रीवत्स'मध्ये तिचं नाव लैला होतं. अमेरिकेत राहणारे हरेन आणि स्यू स्थळेकर मुलगा शोधत आले होते, मुलगी घेऊन गेले. वडील मूळ मुंबईचे, आई इंग्रज. अमेरिका, मग केनिया, मग सिडनी, आणि ती ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार झाली. 2013 साली विश्वचषकाचा अंतिम सामना जिंकून ती निवृत्त झाली ती मुंबईच्या ब्रेबॉर्नवर, जन्मगावापासून दीडशे किलोमीटरवर. अशा गोष्टीवर आपण फार खूष होतो. 'आपली स्थळेकर' म्हणतो. आपली होती तेव्हा तीन आठवड्यांची होती आणि आपण तिला जाऊ दिलं होतं, हे त्या 'आपली'त कुठे बसवायचं?

ती गेली तेव्हा तिच्या सामानात शब्द नव्हतेच. आमच्या मुलीकडे होते. तीन-चार महिन्यांनी स्वीडनहून पत्र आलं. मुलगी खुशाल आहे, भावाच्या मागे मागे असते, स्वीडिश बोलायला लागली आहे. 'पाणी' म्हटलं तर आता नुसती बघते. मी हे वाचून दाखवलं, तेव्हा आत्या भाकरी थापत होती. हात थांबला. "पाणीसुद्धा?" एवढंच म्हणाली.

कित्येक वर्षांनी कळलं, की हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. कोरियातून तीन ते आठ वर्षांची असताना फ्रान्सला गेलेल्या मुलांना, ती मोठी झाल्यावर, कोरियन वाक्यं ऐकवून त्यांच्या मेंदूची चित्रं काढली. 2003मधली ही पाहणी. जन्मात कोरियन न ऐकलेल्या फ्रेंच माणसाच्या मेंदूहून काही वेगळं दिसलं नाही. पाटी कोरी. पण 2014मध्ये मॉन्ट्रियलला दुसरंच दिसलं. साधारण वर्षाच्या असताना चीनमधून आलेल्या, फ्रेंचखेरीज काही न येणाऱ्या मुलींना चिनी भाषेतले चढउतार ऐकवले, तर त्यांचा मेंदू ते चिनी बोलणाऱ्यांसारखेच ऐकत होता. पुढे नेदरलँड्समध्ये दिसलं, की सहा महिन्यांचे होण्याआधी कोरियातून आलेले लोकही मोठेपणी कोरियन उच्चार इतरांपेक्षा लवकर उचलतात. शब्द जातात, कानात काहीतरी राहतं. आत्याला हे सांगायला हवं होतं, पण ती तोवर गेली होती.

राहिलेलं शोधत ही माणसं आता परत येतात. काहींना कागद खोटे सापडतात. ज्याला अनाथ लिहिलं, त्याची आई जिवंत निघते. नेदरलँड्सनं 2021मध्ये चौकशी अहवाल आल्यावर परदेशी दत्तक थांबवलं, दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगानं 2025मध्ये सरकारलाच दोषी धरलं. आमच्या मुलीच्या जाड फायलीत काय होतं, ते मी कधी पाहिलं नाही. तेव्हा पाहावं असं वाटलंही नाही. मी शब्दांचे अर्थ लिहीत होते.

आत्या निरोपाला गेली नाही. अकरा मुलांच्या आंघोळी तिच्याकडे होत्या. मुंबईपर्यंत सोबत म्हणून मला पाठवलं. टॅक्सी सुरू झाली तसं मुलगी खिडकीतून बघत 'भुर्र' म्हणाली, भाऊ 'भुर्र' म्हणाला, आणि लोणावळ्यापर्यंत हेच चाललं. खंडाळ्याच्या घाटात तिला उलटी झाली. आम्ही गाडी कडेला घेतली, तोंड धुतलं, विटका फ्रॉक ओला झाला. धुकं उतरलं होतं. तिनं एकदा मागच्या रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी दरीकडे बघू लागले.

बाप उकिडवा बसला आणि त्यानं ग्लुकोजचं बिस्किट पुढे केलं.

"नको," ती म्हणाली.

त्यानं खिशातून कागद काढला. शोधावं लागलं नाही, पहिल्याच ओळीत होतं. "नको," तो बायकोला म्हणाला, जणू काही सापडलं होतं, आणि हात मागे घेतला. मुलगी त्या हाताकडे बघत राहिली. मग पुन्हा म्हणाली, "नको." आता समोर काहीच नव्हतं. त्यानं दोन्ही तळवे उघडून दाखवले.