लाकडी चर्चच्या गावांतून

आमच्या गावची जुनी मस्जिद पाडून तिथे स्लॅबची नवी इमारत बांधावी की नाही, यावर जमातीत गेली दोन वर्षं वाद चालू आहे. सागवानी खांब, वर लाकडी तक्तपोशी, त्यावर कौलं. पावसाळ्यात चार ठिकाणी गळते, दोन वाशांना वाळवी लागली आहे. आखातात कमावणारी तरुण मंडळी पैसे द्यायला तयार आहेत. म्हातारे म्हणतात, हात लावू नका. आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक, त्यामुळे दोन्हीकडचे लोक आमच्याकडे येऊन आपापली बाजू मांडतात. आम्ही चहा देतो आणि गप्प बसतो.

अशात मे महिन्याची सुट्टी आली. आमचा भाचा रुमानियातल्या क्लुज शहरात कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला आहे. तीन वर्षं तो बोलावत होता. या वेळी हिंमत केली, साठवलेले पैसे काढले आणि नववीतल्या मुलीला घेऊन निघालो. भाच्याने विचारलं, "मामू, डोंगर बघायचे की शहरं?" आम्ही म्हटलं, "जुनी गावं दाखव." त्याने गाडी उत्तरेला मारामुरेशच्या रस्त्याला लावली.

मारामुरेश हा रुमानियाच्या अगदी उत्तरेचा मुलूख. तिसा नदीपलीकडे युक्रेन. डोंगर, कुरणं, मधून वाहणाऱ्या नद्या आणि नद्यांच्या काठाने गावं. इथली जुनी चर्च पूर्ण लाकडाची आहेत. त्यांपैकी आठ चर्च १९९९ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतली. चर्च लाकडाचीच का, याचं कारण लोक असं सांगतात की, हंगेरीच्या राजवटीत इथल्या ऑर्थोडॉक्स शेतकऱ्यांना दगडी चर्च बांधायची परवानगी नव्हती. दगड मना, तर त्यांनी जंगलातलं लाकूड घेतलं आणि त्याच लाकडाचे मनोरे करून ढगांना लावले.

पहिलं चर्च पाहिलं शुर्देश्तीचं. दुरूनच शेतांच्या वर सुईसारखं टोक दिसतं. नुसता मनोरा ५४ मीटर आणि जमिनीपासून एकूण उंची ७२ मीटर. आपल्याकडची वीस मजली इमारत डोळ्यांसमोर आणा. जवळ गेल्यावर मात्र चर्च लहानसं वाटतं. शंभर-दीडशे माणसं दाटीवाटीने उभी राहतील एवढंच. खाली दगडी जोतं, त्यावर जाड तासलेले ओंडके आडवे रचलेले. कोपऱ्यात एकाची खाच दुसऱ्यात घट्ट बसवली आहे आणि सांधायला लाकडाच्याच खुंट्या. छपरावर कौलांऐवजी लाकडाच्या चपट्या पट्ट्या, माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक. छप्पर इतकं उतरतं की बर्फ आणि पाणी थांबतच नाही. पट्ट्या कुजल्या की काढायच्या, नव्या लावायच्या. काही पट्ट्या काळ्याकुट्ट होत्या, काही पिवळ्याधमक. म्हणजे चर्च जुनं, पण छप्पर मात्र अनेक वयांचं. ही गोष्ट आमच्या मनात राहिली.

तिथून घाट चढून पलीकडे उतरलो की देसेश्ती गाव लागतं. चर्चला कुलूप. दारावर कागद चिकटवलेला. भाचा समोरच्या घरी जाऊन आला, आणि थोड्या वेळाने एक आजीबाई किल्ली घेऊन आल्या. फुलाफुलांचा रुमाल डोक्याला घट्ट बांधलेला, गुडघ्याखाली जाणारा घेरदार झगा. त्यांनी आधी आमच्या ओढणीकडे पाहिलं, मग स्वतःच्या रुमालाला हात लावला आणि हसल्या. ओळख झाली.

हे चर्च १७७० चं. आतली चित्रं १७८० मध्ये रादू मुन्तेआनू या चित्रकाराने काढली. आत शिरल्यावर आधी बुटकी, अंधारी खोली लागते. पूर्वी बायका इथे उभ्या राहत आणि पुरुष पुढच्या मोठ्या भागात. मुलगी पटकन म्हणाली, "म्हणजे इथेही बायका मागे!" आम्ही म्हटलं, "हे तू मीटिंगमध्ये विचार." आमच्या जुन्या मस्जिदीत बायकांना मागेही जागा नाही, हे तिला चांगलं ठाऊक आहे.

त्याच खोलीच्या भिंतीवर कयामतचा देखावा रंगवलेला आहे. आजीबाईंनी दिवा लावला आणि एकेक आकृती दाखवायला लागल्या. निवाड्यासाठी निघालेल्या कौमांचे घोळके आहेत, प्रत्येकाचा पोशाख वेगळा. बोट फिरवत त्या सांगत होत्या आणि भाचा जमेल तसं मराठीत करत होता: "हे यहुदी. हे तुर्क. हे तातार. हे जर्मन, हे फ्रेंच." निवाडा काय लागणार हे चित्रकाराने आधीच ठरवलेलं होतं. तुर्कांपाशी त्यांचं बोट क्षणभर थांबलं. त्यांनी भाच्याला काहीतरी विचारलं. भाचा म्हणाला, "विचारतायत, तुम्ही तुर्क का? मी सांगितलं, हिंदुस्थानी. पण मुसलमान."

खोलीत कोणी बोललं नाही. आजीबाईंनी हात खाली घेतला. मग खांदे उडवून एक वाक्य बोलल्या. भाच्याने सांगितलं, "म्हणतात, ज्याने रंगवलं त्याने कधी तुर्क पाहिला नसेल."

वाचकहो, खरं सांगायचं तर त्या क्षणी मनाला टोचलं. हजारो मैल येऊन आपलीच माणसं जहन्नमच्या वाटेवर रंगवलेली पाहायची! पण मग थोडा इतिहास आठवला. १७१७ मध्ये तातारांची मोठी धाड या मुलखावर आली होती. गावं लुटली, जाळली, अनेक लाकडी चर्च राख झाली. हे चित्र त्यानंतर ६३ वर्षांनी काढलेलं. ज्यांच्या आजोबांची घरं जळाली, त्यांनी जाळणाऱ्यांना भिंतीवर कुठे उभं करावं? आणि आम्ही स्वतः? वर्गात नाही, पण घरात, लग्नाच्या मांडवात, चहाच्या टपरीवर "ते लोक" म्हणून एका पूर्ण कौमचा निवाडा आपणही करून टाकतोच ना? रंग आणि कुंचला हातात नसतो, एवढाच फरक.

त्या घोळक्यांत पहिलं नाव यहुद्यांचं होतं, ते पुढच्याच मुक्कामी पुन्हा भेटलं. सिगेत हे तिसाकाठचं शहर. नोबेल शांतता पुरस्कार मिळालेले लेखक एली वीझेल यांचा जन्म इथे १९२८ मध्ये झाला. त्यांचं घर आता संग्रहालय आहे. एकेकाळी शहरात यहुद्यांची मोठी वस्ती होती. १९४४ च्या मे महिन्यात, हा भाग हंगेरीच्या ताब्यात असताना, त्यांना आगगाडीत कोंबून आउशवित्झला नेलं. बहुतेक परतले नाहीत. आम्हीही मे महिन्यातच तिथे उभे होतो. सफरचंदाची झाडं हिरवीगार होती, बाजार भरला होता. मुलीने विचारलं, "त्या भिंतीवरच्या चित्राचा आणि याचा काही संबंध आहे का?" आम्ही इतिहासाचे शिक्षक नाही. एवढंच म्हटलं, चित्र गाडी चालवत नाही. पण कोणाला गाडीत भरलं जात असताना शेजारी गप्प राहतात, तेव्हा त्यांच्या मनात काहीतरी आधीपासून रंगवलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सपंत्सा गावचं कब्रस्तान पाहिलं. स्तान इओआन पत्राश नावाच्या गावच्या कारागिराने १९३५ पासून कबरींवर ओकचे निळे क्रूस उभे करायला सुरुवात केली. क्रूसावर मेलेल्या माणसाचं चित्र कोरलेलं: कोणी मेंढ्या राखतो, कोणी सूत काढते, कोणी दारूच्या बाटलीसह बसला आहे. खाली मयताच्याच तोंडी घातलेल्या चार ओळी, काही हसवणाऱ्या. पत्राश १९७७ मध्ये वारले. त्यांच्या शिष्याने काम पुढे नेलं. आपल्या साध्या मातीच्या कबरींची सवय असलेल्या डोळ्यांना हे सगळं चमत्कारिक वाटतं. तरी आम्ही दारात उभं राहून सवयीने सगळ्याच मेलेल्यांची आठवण केली आणि निघालो.

मग इझा नदीचं खोरं. घरांपुढे कोरीव लाकडी वेशी, इतक्या मोठ्या की गवताने भरलेली घोडागाडी सहज आत जावी. वेशीवर सूर्य, झाड आणि पिळाची दोरी कोरलेली. तीच दोरी चर्चच्या भिंतींवरही कमरेच्या उंचीला कोरलेली असते, जणू इमारत बांधून ठेवली आहे. काही अंगणांत वाळक्या झाडाच्या फांद्यांवर रंगीत भांडी उलटी टांगलेली. पूर्वी त्याचा अर्थ असा की घरात लग्नाची मुलगी आहे. आमच्या मुलीने ताबडतोब बजावलं, "आपल्या आंब्यावर असलं काही टांगायचं नाही."

मुक्काम एका शेतकऱ्याच्या घरी होता. या मुलखात डुकराचं मांस आणि आलुबुखाराची घरगुती दारू प्रत्येक घरात. आल्या-आल्या यजमानांनी इवले ग्लास पुढे केले. भाच्याने छातीवर हात ठेवून आमच्यातर्फे नकार दिला. घरमालकीण जराशी गोंधळली, मग रानफुलांचा चहा घेऊन आली. जेवायला मक्याच्या पिठाची घट्ट उकड, वर मेंढीचं चीज आणि साय, शिवाय उकडलेली अंडी. तिने भांडं वेगळं घेतल्याचं खुणेने दाखवलं. सूर्य मावळायला रात्रीचे नऊ वाजायचे, फजर तीनच्या सुमारास. पहाटे मागच्या ओसरीवर आग्नेयेला तोंड करून नमाज पढताना समोर धुक्यात चर्चचा मनोरा उभा असायचा.

बर्सानाला दोन गोष्टी आहेत. टेकडीवरचं जुनं चर्च १७२० चं, आणि खाली नन लोकांचा नवा मठ, १९९० नंतर बांधलेला. तोही पूर्ण लाकडाचा, त्याच खाचा, त्याच खुंट्या. म्हणजे सुतारांचा हात अजून जिवंत आहे. आम्ही असतानाच एक नन बाहेर आली आणि लाकडाच्या लांब फळीवर हातोडीने ठोके देत अंगणातून चालू लागली. ठोके आधी सावकाश, मग भरभर. ही प्रार्थनेची हाक. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शाळेत दीनियातच्या तासाला मुलांना सांगतो ना, मदिनेत लोकांना नमाजसाठी कसं बोलवावं याचा विचार चालला असता ईसाई लोकांच्या 'नाकूस'चीही चर्चा झाली होती, आणि मग अजान आली. ते नाकूस म्हणजे लाकडावर लाकूड. वर्षानुवर्षं सांगत आलो, ऐकलं आज.

येऊदचं चर्च सतराव्या शतकातलं. त्याच्या माळ्यावर १९२१ मध्ये रुमानियन भाषेतलं जुनं हस्तलिखित सापडलं. आमच्या मस्जिदीच्या माळ्यावरही दोन पेट्या आहेत, कोणी उघडलेल्या नाहीत. जेसीबी लागला तर त्याही जातील.

तिथल्या काही गावांत मोठं, नवं, पक्कं चर्च बांधलेलं दिसलं. लोक वाढले, जागा हवी, हे त्यांनाही चुकलं नाही. पण जुनं पाडलं नव्हतं. दोन्ही उभी होती.

परतलो तेव्हा मृग तोंडावर आला होता. पहिल्या रविवारी पाच-सहा मुलं आणि गावचा एक सुतार घेऊन मस्जिदीच्या छपरावर चढलो. फुटकी कौलं बदलली. वाळवीचे दोन वासे मोजून घेतले, बाकीचे सुताराने हातोडीने ठोकून पाहिले आणि म्हणाला, "हे आपल्या नातवंडांना पुरतील." पेट्या खाली उतरवल्या आहेत. जमातीची मीटिंग अजून व्हायची आहे. या वेळी आम्ही गप्प बसणार नाही. सांगणार आहोत की मागची मोकळी जागा मस्जिदीचीच आहे. नवी इमारत तिथे बांधा, आणि तिच्यात बायकांसाठी जागा ठेवा. जुनीचे दोन वासे बदला.

मुलगी म्हणते, ती पण येणार आहे.